बटणाचा बिगुल

— नाही नाही, तुम्ही कशाला उठताय, बसा, बाकडं माझं थोडंच आहे? मी या टोकाला टेकतो. हा कोट आणि ही टोपी बघून बिचकू नका, बाई, मी कुठल्या मिरवणुकीतून चुकून इकडं आलेलो नाही. अंत्यविधी आहे. तो हिरवा तंबू दिसतोय ना, त्याच्याखाली. अजून कोणी आलेलं नाही, चर्चमध्ये प्रार्थना चालू असेल, आमचे पाद्री एकदा बोलायला लागले की — पण मी कोणाला नावं ठेवतोय, उभा जन्म कॉलेजात इतिहास शिकवला मी, पोरं घड्याळ बंद पडलंय का म्हणून कानाला लावून बघायची. तुम्ही ही फुलं घेऊन कोणाच्या थडग्यावर आलात? मावशीच्या? लिंडक्विस्ट? हो हो, शाळेत जेवण वाढायच्या त्या! मग त्या पाइनच्या पलीकडं बघा, तिसरी रांग — का चौथी — खात्रीनं नाही सांगत. खात्रीनं मी अलीकडं काहीच सांगत नाही. पण घाई नसेल तर बसा थोडं. ऊन बरं पडलंय.

तंबूतला तो गालिचा बघितलात? खोटं गवत आहे ते. उकरलेल्या मातीच्या ढिगावर घालतात, घरच्यांना माती दिसू नये म्हणून. ज्यांच्या चार पिढ्या मका पेरण्यात गेल्या त्यांच्यापासून माती लपवायची — मला हसू येतं. म्हणजे हसू नाही, काय म्हणतात त्याला — जाऊ दे. ड्वेनला हे एकदा बोललो तर तो म्हणाला, “प्रोफेसर, तू लग्नातसुद्धा केक सोडून खालचा पुठ्ठा बघत बसतोस.” ड्वेन म्हणजे — तोच. त्याचंच आहे आज. ड्वेन हॉगन. माझ्या शेजारचं घर. शाळेपासूनचा — मित्र म्हणावं का? म्हणतो. आता कोण येणार आहे खोडून काढायला?

तर हा कोट. आमचं सलामी पथक आहे, माजी सैनिकांचं. गावातला कोणी सैन्यातून आलेला माणूस गेला की आम्ही यायचं, रांगेत उभं राहायचं, बंदुकीच्या तीन फैरी, मग झेंड्याची त्रिकोणी घडी करून ती बायकोच्या मांडीवर ठेवायची, आणि बिगुल. शेवटची धून. ऐकली असेल तुम्ही, सगळ्यांनीच ऐकलीय. बिगुल माझ्याकडं होता. — हो, मी वाजवायचो. वाटत नाही ना? बरोबर आहे, नाहीच वाजवायचो. मला शिट्टीसुद्धा धड येत नाही. तुम्ही बाहेरगावच्या, तुम्हाला सांगायला हरकत नाही — बिगुलाच्या तोंडात आत एक यंत्र बसवलेलं असतं, मुठीएवढं. बटण दाबायचं, बिगुल ओठाला लावायचा, जरा थांबायचं, की धून आपोआप सुरू होते. आपण फक्त गाल फुगवायचे. थोडेसेच. जास्त फुगवले की नाटकी दिसतं. — अहो, देशभर असंच चालतं, खरं वाजवणारी माणसं उरलीत किती? आमच्याकडं एक होता, त्याचे दात गेले, संपलं.

आणि मी आधी नाहीच म्हटलं होतं, बरं का. म्हटलं, ड्वेन, गेलेल्या माणसासमोर खोटं वाजवायचं? ड्वेन पथकाचा प्रमुख. तो म्हणाला, “गेलेला ऐकत नसतो, एल्डन. बायको ऐकते. तिला ऐकू आलं ते खरं का खोटं, सांग?” आता याला काय उत्तर देणार तुम्ही? मला नाही देता आलं. आणि देता येणार नाही हे त्याला ठाऊक होतं — कारण युद्धात मी काय करत होतो हे त्याला ठाऊक होतं. मी टाइप करत होतो. आम्ही दोघं एकाच बसनं गेलो, जिल्ह्याच्या कोर्टासमोरून सुटायची ती, चर्चच्या बायकांनी डोनट दिले होते कागदात गुंडाळून, आणि त्यांतली एकजण बसच्या खिडकीखाली उभी राहून हात हलवत होती, तिच्याशी पुढं ड्वेननं लग्न केलं — मार्लिस. व्हिएतनामला उतरल्यावर तो जंगलात गेला आणि मला कॉलेजची दोन वर्षं झाली होती म्हणून टेबल मिळालं. पंख्याखाली. गेलेल्या पोरांच्या आयांना पत्रं टाइप करायची. ‘आपल्या मुलाला तत्काळ मृत्यू आला, त्याला कोणत्याही वेदना झाल्या नाहीत.’ प्रत्येकाला तत्काळ! एकाला तरी तासभर लागला असेल ना? एकदा मी साहेबाला विचारलं, सर, हे कोणी पाहिलंय? तो म्हणाला, “क्रूगर, तुला आई आहे का?” झालं. टाइप केलं पुढं. म्हणजे मी विसाव्या वर्षापासून बटणंच दाबत आलोय, बाई, बिगुल काय नवीन होता?

ड्वेन कधी बोलला नाही तिथलं. लोक येतात, विमानतळावर, दुकानात, टोपी बघून हात पुढं करतात — “तुमच्या सेवेबद्दल आभार.” तो म्हणायचा, “बरं बरं.” मी मात्र प्रत्येक वेळी अवघडून जातो, वाटतं सांगावं, अहो मी कारकून होतो, आणि ते युद्ध कशासाठी होतं हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि पुढं तीन पुस्तकं लिहूनही — दोन. तिसरं छापलं नाही कोणी. पण असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला बिचाऱ्याला फक्त आभार मानून दूध घ्यायला जायचं असतं.

तुम्हाला कंटाळा येतोय. नाही? घरी बोलायला — म्हणजे जॉइस, माझी बायको, गेल्यापासून रेडिओच. मुलगी आहे सिॲटलला, रविवारी फोन करते. “बाबा, राजकारण नको हं.” नको तर नको. मग आम्ही हवामानाबद्दल बोलायचो. आता हवामानाचंही राजकारण झालं, त्यामुळं तिच्या मांजराबद्दल बोलतो. मांजराला मधुमेह आहे. मला त्या मांजराची सगळी औषधं पाठ आहेत.

गावात येताना पाट्या बघितल्या असतील तुम्ही. अंगणाअंगणात. याला मत द्या, त्याला द्या, देश वाचवा — दोन्ही बाजूंना देशच वाचवायचाय, ही एक गंमत आहे. आधी पाटी निवडणुकीनंतर निघायची, पोरं ती उलटी करून बर्फावर घसरायला घ्यायची. आता निघतच नाही. कोणाची बेल वाजवायची ते लोक पाटी बघून ठरवतात. कॅफेत आम्हा म्हाताऱ्यांचं एक टेबल होतं, खिडकीशी, सकाळी कॉफीला — मका, हवा, कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन. आता दोन टेबलं आहेत. कॉफी ओतणारी पोरगी एका टेबलाशी एक हसते आणि दुसऱ्याशी दुसरं. आणि मी वर्गात काय शिकवत होतो? हेच. पहिल्या महायुद्धात या गावात जर्मन नावाच्या लोकांच्या दारांना पिवळा रंग फासला होता. आमच्या आजोबांचा गोठा सगळा पिवळा. ते क्रूगर ना! झेंड्याचं चुंबन घ्यायला लावलं, दुकानासमोर, गुडघ्यावर बसवून. आणि कोणी? बाहेरून कोणी येत नाही हो पिवळा रंग घेऊन. शेजारी. त्याच शेजाऱ्यांबरोबर आजोबा पुढं मरेपर्यंत पत्ते खेळले. मी त्यांना विचारलं होतं, राग नाही आला? म्हणाले, “आला की. पण गाय अडली तर धावत जायचं कोणाकडं, बर्लिनला?” पोरांना मी हे सांगायचो आणि म्हणायचो, बघा, भीती माणसाला कशी गप्प करते. आजोबांना भित्रे समजायचो मी. पुस्तकात तसं लिहिलंसुद्धा. आता वाटतं — आता काय वाटतं ते विचारू नका.

कुठं होतो मी? — हो, बिगुल. आता बिगुल माझ्याकडं नसतो. तुम्ही पाहिलं असेल कदाचित, फोनवर फिरत होतं, दोन वर्षं होतील. श्मिटांचा मुलगा वाळवंटातल्या लढाईवरून शवपेटीत आला, चोवीस वर्षांचा. सगळं गाव जमलं होतं रस्त्याच्या दोन्ही कडेला, हातात झेंडे. आणि एक पुढारी आला होता, नाव कशाला घ्यायचं, दोन्हीकडं तसले असतात — असं मी म्हणतो आणि दोन्हीकडचे माझ्यावर चिडतात. तो त्या आईच्या मागं उभा राहिला, तिच्या खांद्यावर हात ठेवून, आणि त्याचा फोटोवाला समोर असा, गवतावर बसून. मी बटण दाबलं. बिगुल ओठाला. धून सुरू झाली. आणि निम्म्यात माझा हात खाली आला. बिगुल इथं, मांडीपाशी — आणि वाजतोय! तोंड बंद करून मी उभा, आणि बिगुल आपला मांडीपाशी वाजतोय, एकदम सुरात. कोणीतरी हसलं. घाबरून हसतात ना, तसं. त्या आईनं वळून पाहिलं. बिगुलाकडं नाही, माझ्याकडं.

मग काय, संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कारण कळलेलं होतं. एक टेबल म्हणालं, मास्तरनं पुढाऱ्याचं ढोंग चव्हाट्यावर आणलं. दुसरं म्हणालं, शहिदाचा अपमान केला. दुकानात एक बाई, मी तिला ओळखतही नाही, माझा हात दोन्ही हातात धरून म्हणाली, “तुमच्यासारखे चार पाहिजेत.” तिच्या मागचा माणूस सामानाची गाडी तशीच सोडून निघून गेला. शहरातल्या पेपरचा फोन आला, मुद्दाम केलंत का म्हणून. मी नाही म्हणालो नाही. म्हणजे, हो असंही म्हणालो नाही. म्हटलं, मला जे वाटलं ते झालं. काय सुंदर वाक्य आहे बघा, त्यात काहीच नाही.

आणि ड्वेन आला, माझ्या स्वयंपाकघरात, टोपी न काढता. आयुष्यात कधी तो घरात टोपी घालून शिरला नव्हता. बसलाही नाही. म्हणाला, “एवढंच सांग. मुद्दाम केलंस?” मी म्हटलं, “आणि केलं असलं तर?” — का म्हटलं असं? त्याचा तो आवाज, कोर्टात उभं केल्यासारखा. आणि मी काही चुकीचं केलेलंही नव्हतं, तो पुढारी तिथं फोटो काढून घेत होता ते याला चालतं, आणि माझा हात वर राहतच नव्हता तर मी काय —

काय? — नाही, काही नाही म्हणालो.

तुम्ही ऐकलंत. बरं. हो, हा उजवा. खांद्यातली शीर फाटली आहे म्हणे, शीर नव्हे, ती दोरीसारखी काय असते ती. नंतर कळलं, डॉक्टरनं फोटो काढल्यावर. छातीच्या वर गेला की याच्यात जीव राहत नाही. पण त्या दिवशी मला काय माहीत? मी त्या आईकडं बघत होतो, मला ती पत्रं आठवत होती, तत्काळ, तत्काळ, तो पुढारी समोर, आणि हात आपला खाली आला, जसा दुसऱ्याच कोणाचा असावा. आता तो पत्रांमुळं आला, पुढाऱ्यामुळं आला का खांद्यामुळं — बाई, कारणं शोधणं हा माझा धंदा! महायुद्धांची कारणं सांगायचो मी फळ्यावर, अ, ब, क. आणि माझ्या एका हाताचं कारण मला सांगता येत नाही. खांदाच असणार. डॉक्टर तर खांदाच म्हणतो. पण मग मनातून कोणीतरी म्हणतं, एवढा सोपा कसा असेल?

मग सांगितलं का नाही, असंच विचारताय ना? डोळ्यांनी विचारताय. हे बघा, पुढाऱ्यासमोर बिगुल खाली करणारा म्हातारा — त्याच्यावरून दोन टेबलं दोन वर्षं भांडतात. हात थकलेला म्हातारा — त्याला लोक सूप आणून देतात. डबा परत करायची घाई नाही म्हणतात. मला सूप नको होतं. जन्मात पहिल्यांदा माझ्यावरून कोणीतरी भांडत होतं. आणि ड्वेनला तरी कसं सांगणार, एकदा तसं बोलून बसल्यावर? आज सांगू, उद्या सांगू. तो पथकात दुसऱ्याला बिगुल देऊन मोकळा झाला. कॅफेत दुसऱ्या टेबलाला बसायचा, पाठ माझ्याकडं. पण हिवाळ्यात — हे मात्र ऐका — बर्फ पडला की सकाळी मला आवाज यायचा, त्याच्या मशीनचा. स्वतःचं अंगण झालं की तो माझी वाट साफ करायचा, थेट पायरीपर्यंत. आधीही करायचा, मग बेल वाजवून कॉफीला आत यायचा, बूट तिथंच काढून. आता फक्त बेल वाजवत नव्हता. मी आत, पडद्यामागं, दोन कप काढून. दोन हिवाळे. दार उघडायचं एवढंच होतं हो. दार उघडायचं आणि म्हणायचं, अरे, खांदा होता. मी मनात वाक्यं जुळवत बसायचो, तोपर्यंत मशीन बंद व्हायचं.

आता तुम्ही म्हणाल, मग आज यांनी बोलावलं हे चांगलं झालं. — नाही, तुम्ही म्हणाला नाहीत, पण तसंच समजलात ना? मी तसंच बोलतोय मघापासून. बोलावलं कोणी नाही. बातमी मी पेपरात वाचली. शेजारच्या घरची बातमी, पेपरात. अँब्युलन्स आली तेव्हा वाटलं मार्लिसलाच काही झालं. चर्चमध्ये गेलो नाही. तिथं बसायच्या जागा ठरलेल्या असतात, आणि माझ्यासाठी कोणी सरकलं नसतं तर? इथं कसं, उघडं आहे. कोट घातलाय तो — म्हटलं, पथकात माणसं कमी पडतात, कोणाला सर्दी होते, कोणी येत नाही, वेळेला बिगुल धरायला कोणी नसलं तर — डाव्या हातानं धरला असता मी. आरशासमोर धरून बघितला. बिगुल नव्हता, कॉफीचा थर्मास धरला. शेवटपर्यंत धरता येतो. मला एवढंच पाहिजे होतं, ड्वेनसाठी शेवटपर्यंत वर धरायचा. हसू नका. नाही, हसा, हसण्यासारखंच आहे.

ऐका. आल्या गाड्या. दिवे लावून येतात बघा, भर उन्हात. नाही, बसा तुम्ही, मीही बसतो, उठून काय करू. ती रॉंडा, आता तीच प्रमुख, इराकला होती — तिच्या हातात आहे बिगुल. चांगलं आहे. धडधाकट बाई आहे, ती नाही खाली करणार. चला. म्हणजे माझं काम नाही. बरंच झालं, उगीच लोकांचं लक्ष ड्वेनवरून — बरं झालं.

काय गोंधळ चाललाय तिथं? गाडीमागं. पेटी उचलायला सहा लागतात. दोन नातू, जावई, तो चर्चचा खजिनदार, आणि तो मिशीवाला मला माहीत नाही. पाच. पुतण्या दिसत नाही. तो यायचा नाही, त्याचं आणि ड्वेनचं बंद होतं, गेल्या निवडणुकीपासून, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणावरून उठून गेला होता, सगळ्या गावाला माहीत आहे. पण आज तरी, अरे — मेलेल्या माणसाशी कसली निवडणूक? मार्लिस इकडं बघतेय. इकडंच येतेय. बाई, तुमची ओळख आहे का तिच्याशी? मग कोणाकडं येतेय? — मी उठतो. टोपी काढू का राहू दे?

मार्लिस. मी — तू बोलावलं नव्हतंस, माहीत आहे मला, मी मधे येणार नाही, इथूनच, या बाईंशी जरा बोलत — काय? पुतण्या? हो, बघितलं मी. मग कोणीही एक — मी? मार्लिस, ड्वेनला चाललं असतं का, विचार कर. पथकातले आहेत ना, त्यांच्या हातात बंदुका आहेत, खरं आहे. नाही, मी नाही म्हणत नाही. मी नाही म्हणतच नाही. येतो. फक्त एक कर — मला पलीकडच्या बाजूला लाव. डाव्या हातानं कडी धरतात ती बाजू. — उजव्यात जोर नाही म्हणून. — नाही, आताचं नाही. जुनं. श्मिटांच्या मुलापासून. — हो. त्याच दिवशी. — हो, खांदा. दुसरं काही नव्हतं. — नाही, मार्लिस. त्याला नाही सांगितलं.



मूर्ख म्हणतेस? हो. — दोघंही? हो, दोघंही, बरोबर आहे. रडू नकोस, सगळे बघतायत. बघू देत म्हणतेस? बरं. बघू देत. तू हो पुढं, मी आलोच, धाकट्या नातवाच्या मागं ना, पलीकडं. आलो.

जा तुम्ही आता, बाई. फुलं कोमेजतील. नाही, माझ्यासाठी नका थांबू. पेटी उचलल्यावर पावलं जुळवायची असतात, बोलायचं नसतं.